गुरांच्या गावातला बार: आउटबॅक क्वीन्सलँडच्या पबमध्ये काउंटरमागे उभं राहण्यापूर्वी आणि उभं राहिल्यावर

ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा, म्हणजे सबक्लास ४६२, भारतीयांसाठी २०२४ पासून खुला झाला. १८ ते ३० वयाचे, सोडतीतून निवडलेले, वर्षाला १,००० जण. त्यातली पुण्या-नाशिककडची मुलंमुलीही कामाच्या शोधात क्लॉनकरी, जुलिया क्रीक, नॉर्मन्टन अशा आउटबॅकमधल्या, म्हणजे दूरच्या विरळ वस्तीच्या भागातल्या, गावांत पोचतात. या गावांभोवती कॅटल स्टेशनं, म्हणजे गुरं पाळण्याचे प्रचंड मळे, असतात, एकेक आपल्या तालुक्याएवढं किंवा त्याहून मोठं. गावात पब एक, फार तर तीन-चार. काम लगेच मिळतं आणि राहायला खोलीही मिळते. गडबड होते ती पहिल्या मोठ्या शनिवारी.

ती बियर ओतता न आल्यामुळे होत नाही, ओतणं दोन दिवसांत येतं. नवखा माणूस दारू थांबवायचा विचार रात्री दहाला सुरू करतो, आणि ते काम संध्याकाळी पाचला सुरू झालेलं असायला हवं असतं. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्यासाठीच असा ठेवला आहे. नियम क्वीन्सलँडचे आहेत. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर तिथले वेगळे तपासा.

## पायरी १: होकार देण्यापूर्वी कागद आणि खोली

आरएसए. जबाबदारीने मद्य देण्याच्या प्रशिक्षणाचं हे प्रमाणपत्र. कोर्सचा कोड एसआयटीएचएफएबी०२१. क्वीन्सलँडमध्ये नोंदणीकृत संस्थेचा ऑनलाइन कोर्स चालतो. त्यासाठी यूएसआय हा विद्यार्थी क्रमांक लागतो, तो ऑस्ट्रेलियात पोचल्यावर पासपोर्ट आणि व्हिसावर काढता येतो. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाचे नियम निराळे आहेत, त्यामुळे कोर्स विकत घेताना राज्याचं नाव नीट बघा. पबमध्ये जुगाराची यंत्रं किंवा केनो (आकड्यांवर लावायचा जुगार) असेल तर जुगारसेवेचं आरएसजी प्रमाणपत्रही मागतील.

पोस्टकोड. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर पहिल्या वर्षात ठरवून दिलेलं काम तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, करावं लागतं. उत्तर ऑस्ट्रेलियातलं, दुर्गम आणि अतिदुर्गम भागातलं पर्यटन-आतिथ्याचं काम त्यात बसतं. पण गाव दुर्गम वाटणं पुरेसं नाही, पोस्टकोड गृहखात्याच्या यादीत हवा. हे होकार देण्याआधी तपासा, नंतर नाही.

दिवस मोजण्यात फार जण चुकतात. त्या व्यवसायात पूर्णवेळ मानला जाणारा आठवडा भरला, उदाहरणार्थ पाच पाळ्यांचा, तर सुट्टी धरून सात दिवस मोजले जातात. आठवड्यात तीनच पाळ्या केल्या तर तीनच दिवस. बिनपगारी काम अजिबात धरत नाहीत.

पगार. टॅक्स फाइल नंबर काढा. मालक वर्किंग हॉलिडेवाल्यांसाठी नोंदणीकृत आहे का, हे विचारा. असेल तर पहिल्या ४५,००० डॉलरवर १५ टक्के कर कापतो. कॅज्युअल, म्हणजे कायम नेमणूक नसलेले, असाल तर मूळ दरावर २५ टक्के जास्त मिळायला हवेत, शनिवार-रविवारचा दर आणखी वेगळा. पगार झाल्यापासून एका कामकाजाच्या दिवसात पेस्लिप मिळायला हवी. खोली-जेवणाचे पैसे कापणार असतील तर आकडा लेखी घ्या. बख्शिशीवर हिशेब मांडू नका, तिकडे तशी पद्धत नाही.

खोली. पबच्या वर किंवा मागच्या डोंग्यात, म्हणजे पत्र्याच्या तयार खोलीत, राहायला देतात. तीन प्रश्न विचारा: आतून कुलूप लागतं का, एसी चालतो का, संडास-बाथरूमची वाट गिऱ्हाइकांमधून जाते का. मुलींनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोटोसकट मागावं. त्यात अवघडण्यासारखं काही नाही, नीट चालवलेल्या पबला हा प्रश्न नवा नसतो.

> तपासणी: आरएसए, पोस्टकोड, कर क्रमांक, कुलूप. यातलं एक जरी अडलेलं असेल तर बसचं तिकीट काढू नका. क्लॉनकरीहून नॉर्मन्टन साधारण ३८० किलोमीटर आहे. चुकीच्या गावातून परतणं खर्चाचं पडतं.

## पायरी २: पहिले दोन दिवस, ऐकण्याचे

एप्रिल ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम. गुरं हाकून गोळा करण्याचं काम, मस्टरिंग, याच काळात चालतं. गिऱ्हाईक त्यानुसार येतं: स्टेशनवरचे रिंगर (घोड्यावरचे गुराखी), कंत्राटी मस्टरिंगवाले, हेलिकॉप्टरचे पायलट, कुंपणवाले, रस्त्याच्या ग्रेडरचे चालक, रोड ट्रेनचे ड्रायव्हर आणि गाड्यांमागे घर ओढत फिरणारे निवृत्त प्रवासी. रोड ट्रेन म्हणजे ५३.५ मीटरपर्यंत लांबीची, तीन ट्रेलर ओढणारा मालट्रक.

रिंगर समजून घ्या. कित्येक स्टेशन-कॅम्पांवर दारूवर बंधन असतं किंवा ती मोजून मिळते. माणूस तीन-चार आठवडे उन्हात असतो, मग पगार खिशात घेऊन एका रात्रीसाठी गावात येतो. अंगात पाणी कमी, पोटात काही नाही, झोप अपुरी. अशा माणसाला पहिली तीन पेयं जशी चढतात तशी गावात रोज येणाऱ्याला चढत नाहीत. तुमची बहुतेक अडचण इथूनच उगवते.

शब्द पाठ करा, कारण ऑर्डर अर्ध्या शब्दात येते:

- पॉट: २८५ मिली ग्लास. स्कूनर: ४२५ मिली. (साउथ ऑस्ट्रेलियात स्कूनर हे नाव वेगळ्या मापाला लावतात.)
- स्टबी: ३७५ मिलीची बाटली, सोबत फोमचं कव्हर, स्टबी कूलर, द्यायचं.
- गोल्ड: फोरएक्स गोल्ड, ३.५ टक्के. नॉर्दर्न: ग्रेट नॉर्दर्न. 'ओरिजिनल' ४.२ टक्के, 'सुपर क्रिस्प' ३.५. कुठली ते विचारा.
- बंडी: बंडाबर्ग रम, बहुतेक वेळा कोलासोबत.
- निप: ३० मिली. डबल: ६० मिली. आपल्याकडचे स्मॉल आणि लार्ज.
- शाउट: आळीपाळीने सगळ्यांसाठी पेयं घेण्याची रीत. यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

संबोधनाचंही ऐकून घ्या. आपल्याला 'सर' म्हणायची सवय असते. तिथे ते परकं वाटतं, कधी टोमणाही वाटतो. नाव विचारा आणि नावाने हाक मारा. नाव ठाऊक नसेल तर 'मेट'. वयस्क बाईलाही नावानेच. पहिल्या दोन दिवसांत वीस नावं लक्षात ठेवलीत तर शनिवारची रात्र निम्मी सोपी होते, कारण नावाने सांगितलेलं 'नाही' माणूस ऐकून घेतो.

पबचा मालक किंवा चालवणारा, ज्याला पब्लिकन म्हणतात, त्याला दोन याद्या विचारा. सध्या कोणाला बंदी आहे? आणि कोणाचं कोणाशी पटत नाही? दुसरी यादी कुठे लिहिलेली नसते. ती विचारूनच मिळते.

## पायरी ३: दार उघडण्याआधीची ९० मिनिटं

क्वीन्सलँडमध्ये सर्वसाधारण परवान्याची वेळ सकाळी १० ते रात्री १२. दार दहाला उघडायचं असेल तर साडेआठला आत असा. क्रम असा ठेवा, कारण पहिली दोन कामं वेळ खातात.

१. कूलरूम. थर्मामीटर २ ते ४ अंशांवर आहे का बघा. गॅसच्या सिलिंडरचा काटा बघा. केग, म्हणजे बियरचं पिंप, ४९.५ लिटरचा असतो. हिशेबाने त्यातून १७३ पॉट किंवा ११६ स्कूनर निघतात. फेस आणि सांडणं धरून १६० आणि ११० समजा. शनिवारी कुठला केग किती वाजता संपेल याचा अंदाज आताच करा आणि पुढचा केग शेजारी आणून ठेवा. भरलेला केग ६० किलोच्या वर जातो. एकट्याने उचलू नका, कडेवर कलता करून गोल फिरवत न्या किंवा ट्रॉली वापरा.

> सावध: कूलरूममध्ये कार्बन डायऑक्साइड गळला तर वास येत नाही. गजर वाजत असेल, किंवा आत जाताच दम लागून डोकं दुखू लागलं, तर बाहेर या, दार उघडं टाका, पब्लिकनला बोलवा. आत पडलेल्याला ओढून आणायला एकट्याने धावू नका.

२. बर्फ. ४० अंशांच्या दुपारी बर्फाचं यंत्र नेहमीपेक्षा कमी बर्फ करतं आणि नवखे नेमके तेव्हाच त्यावर भिस्त ठेवतात. सकाळीच बर्फ काढून एस्कीत, म्हणजे थर्मल पेटीत, भरा आणि यंत्राला पुन्हा भरायला वेळ द्या. वीज गेली तर नळाची बियर थांबते. स्टबी आणि कॅन बर्फात असतील तर धंदा चालू राहतो.

३. नळ. प्रत्येक नळातून थोडी बियर काढून बघा आणि चाखून थुंका. आंबट किंवा लोण्यासारखा वास आला तर पाइप धुवायचे राहिलेत. पाइप धुण्याचं रसायन कातडी आणि डोळे जाळतं, त्यामुळे हातमोजे आणि गॉगल घाला. धुतल्यावर पाणी पूर्ण स्वच्छ येईपर्यंत सोडा आणि ते झाल्याची वहीत सही करा. सही नसेल तर त्या नळातून विकू नका.

४. ग्लास. तेलकट ग्लासात फेस टिकत नाही आणि बुडबुडे काचेला चिकटतात. बियरचे ग्लास कधीही जेवणाच्या भांड्यांसोबत धुऊ नका. टवका उडालेला ग्लास लगेच फेकून द्या. गर्दीच्या रात्री, रोडिओ (उधळत्या घोड्या-बैलांवर टिकून बसण्याची स्पर्धा) किंवा घोड्यांच्या शर्यतीच्या आठवड्यात, पब्लिकनला प्लॅस्टिकचे ग्लास काढायला सुचवा.

५. पाणी. काउंटरच्या दोन्ही टोकांना थंड पाण्याचे जग आणि स्वच्छ ग्लास ठेवा. हे शोभेसाठी नाही. पायरी ६ पूर्णपणे यावर उभी आहे.

६. गल्ला. सुरुवातीची रोकड दोनदा मोजा आणि लिहा. कार्डाचं यंत्र चालतंय का बघा. नेटवर्क जातं, म्हणून सुट्टे जास्त ठेवा.

पावसाळ्यात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, नद्या रस्त्यावर येतात आणि मालाचा ट्रक आठवडाआठवडा येत नाही. ऑर्डर द्यायचं काम तुमच्याकडे आलं तर दोन आठवड्यांचा साठा हे किमान समजा.

## पायरी ४: ओतणं

ग्लास ४५ अंशांत धरा. नळ एका झटक्यात पूर्ण उघडा. अर्धवट उघडला की फेसच फेस येतो. नव्या माणसाची ही पहिली चूक. ग्लास तीन-चतुर्थांश भरला की सरळ करा, वर १० ते १५ मिमी फेस राहू द्या, नळ एका झटक्यात बंद. नळाचं तोंड बियरला किंवा काचेला लागू देऊ नका.

नळातून एकदम फेस आणि हवा आली तर केग संपला. आत जा, रिकाम्या केगवरच्या कपलरचा, म्हणजे पाइप केगला जोडणाऱ्या तोंडाचा, दांडा वर उचला, फिरवून काढा, नव्या केगवर बसवून फिरवा, दांडा खाली दाबा. मग पाइपमधल्या फोबचं, म्हणजे पारदर्शक डबीचं, बटण दाबून आत बियर पूर्ण भरेपर्यंत हवा काढा आणि तिच्यातला तरंगता चेंडू परत मोकळा करा. तो मोकळा करायचा विसरलात तर पुढचा केग संपताना सगळा पाइप फेसाने भरेल. कपलर कंपनीप्रमाणे वेगळे असतात. बसत नसेल तर जोर लावू नका, दुसरा बघा.

कडक दारू नेहमी मापाने. 'हातच्या अंदाजाने' ओतणं गिऱ्हाइकाला आवडतं, पण मग त्याने किती घेतली हे तुम्हाला कळत नाही आणि पुढची पायरी कोसळते.

## पायरी ५: मोजणं

ऑस्ट्रेलियात एक 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शरीर ते ढोबळमानाने तासाला एक या वेगाने जिरवतं. हे आकडे पाठ हवेत:

- गोल्डचा पॉट ०.८, स्कूनर १.२, स्टबी १
- नॉर्दर्न ओरिजिनलचा पॉट ०.९, स्कूनर १.४, स्टबी १.२
- रमचा निप साधारण ०.९, डबल १.८
- ४.६ टक्क्यांचा रम-कोला कॅन (३७५ मिली) १.४

आपल्याकडे ८ टक्क्यांची स्ट्राँग बियर पाहिलेल्या माणसाला ३.५ टक्क्यांची गोल्ड पाण्यासारखी वाटते. पण तासाला चार स्कूनर गेले की साडेचारच्या वर स्टँडर्ड ड्रिंक झाली, आणि तहानलेला रिंगर तासाला चार सहज पितो.

गल्ल्यामागे एक कागद ठेवा. प्रत्येक गटासाठी एक ओळ: खूण म्हणून जागा किंवा टोपी ('खिडकी, काळी टोपी, ५ जण'), पहिल्या पेयाची वेळ, पुढे फेऱ्यांच्या रेघा. हे शांतपणे करा, कोणाला दाखवायचं नाही. डोक्यात मोजण्याचा प्रयत्न करू नका. आठच्या गर्दीत डोक्यातली मोजणी हरवते.

शाउट इथे निर्णायक ठरतो. पाच जणांच्या गटात प्रत्येकाने एक फेरी घ्यायची तर प्रत्येकाच्या पोटात किमान पाच पेयं जातात, आणि वेग ठरतो सगळ्यांत भरभर पिणाऱ्याचा. मागे पडलेल्यासमोर दोन भरलेले ग्लास उभे असतात. असे दोन ग्लास दिसले की त्या गटाची पुढची फेरी हळू करायची वेळ आली. एखादा हळूच येऊन 'माझी हलकी दे' म्हणाला तर फोरएक्स झिरो किंवा ग्रेट नॉर्दर्न झिरो त्याच आकाराच्या ग्लासात द्या आणि गप्प राहा. मात्र न सांगता कोणाचंही पेय बदलू किंवा पातळ करू नका. ती फसवणूक आहे आणि उघड झाली की तुमचा शब्द गावात कोणी मानणार नाही.

वय. १८ पूर्ण हवं. २५च्या खालचा दिसला की ओळखपत्र: ड्रायव्हिंग लायसन्स (फोनमधलं अधिकृत डिजिटलही), पासपोर्ट किंवा वयाचा दाखला. स्टेशनवर पहिल्या वर्षाचे जॅकरू आणि जिलरू, म्हणजे शिकाऊ मुलगे आणि मुली, १७ वर्षांचेही असतात. उन्हाने रापलेला चेहरा, मोठी टोपी आणि सोबत मोठी माणसं यामुळे ते पंचविशीचे दिसतात. 'माझ्याबरोबर आहे' हे हेड स्टॉकमनचं, म्हणजे गुराख्यांच्या म्होरक्याचं, वाक्य म्हणजे ओळखपत्र नव्हे.

> तपासणी, दर तासाला: कागदावरच्या प्रत्येक ओळीकडे बघा. कोणाच्या गटाने पहिल्या तासात तीनपेक्षा जास्त फेऱ्या घेतल्या? तिथे आता स्वतः जा.

## पायरी ६: वेग उतरवणं

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते, आणि ती नीट केली तर पुढच्या दोन पायऱ्यांची गरज क्वचित पडते.

पहिल्या पेयासोबत, न मागता, पाण्याचा ग्लास ठेवा. पहिल्या वीस मिनिटांत जेवणाची ऑर्डर विचारा: 'स्वयंपाकघर आठला बंद होतं, स्टेक टाकू का?' वेळ सांगितली की माणूस हो म्हणतो, नुसतं 'काही खाणार का' विचारलं की नाही म्हणतो. स्वयंपाकघर बंद झाल्यावर निदान चिप्स आणि मीट-पाय (मांस भरलेली पेस्ट्री) मिळतील अशी सोय आचाऱ्याकडून करून घ्या.

वेगवान गटाकडे लगेच पोचू नका. आधी दुसऱ्या टोकाचं टेबल पुसा, ग्लास गोळा करा, मग या. दोन-तीन मिनिटांचा उशीर कोणाला खटकत नाही, पण चार फेऱ्यांत दहा मिनिटं वाचतात. रिकामा ग्लास दिसताच 'आणखी एक?' असं स्वतःहून विचारणं बंद करा. आपल्या हॉटेलांत ती तत्परता, इथे ती चूक. आणि डबल मागणाऱ्याला आधी सिंगल सुचवा.

खोलीचा आवाजही बघा. संगीत मोठं झालं की माणसं बोलतात कमी आणि पितात जास्त. आठच्या सुमाराला आवाज एक पायरी खाली आणा.

## पायरी ७: 'नाही' म्हणणं

कायदा स्पष्ट आहे: नशेत असलेल्या किंवा धिंगाणा घालणाऱ्या माणसाला मद्य देणं गुन्हा आहे, आणि दंड परवानाधारकाला वेगळा, ओतणाऱ्याला वेगळा. 'पब्लिकनने सांगितलं म्हणून दिली' हा बचाव नाही.

आधी खात्री करा. चालीवरून ठरवू नका. रोडिओत हाडं मोडलेले, बारा तास खोगिरात बसून आलेले लोक मुळातच लंगडत चालतात. तीन गोष्टी बघा: बोलणं (तीच गोष्ट पुन्हा सांगतो का, शब्द घसरतात का), हात (नोटा मोजताना, ग्लास ठेवताना), डोळे (तुमच्या चेहऱ्यावर ठरतात का). आवाज अचानक चढणं ही चौथी खूण. पण डोक्याला मार, मधुमेह, उष्माघात यांतही माणूस असाच दिसतो. तुमच्या कागदावर त्याची दोनच पेयं असतील आणि तरी तो असा असेल तर वैद्यकीय मदत बोलवा.

मग हा क्रम:

१. आधी सोबत काम करणाऱ्याला सांगा. एकाने थांबवलं आणि दुसऱ्याने दिलं, याइतकं वाईट काही नाही.

२. त्याचा ग्लास रिकामा व्हायची वाट बघा आणि पुढची ऑर्डर येण्याआधीच बोला. ऑर्डर दिल्यानंतर मित्रांसमोर नाकारलं की त्याची मानहानी होते, आणि भांडण त्या मानहानीचं असतं, बियरचं नसतं.

३. काउंटरच्या टोकाला किंवा त्याच्या बाजूला जा. समोरून नको, पाठीमागून तर नकोच.

४. नाव घेऊन, खालच्या आवाजात, एकच वाक्य: 'आय कान्ट सर्व्ह यू एनी मोअर टुनाइट, मेट.' आज रात्री आणखी देता येणार नाही, एवढंच. 'तू प्यायलास' असं म्हणू नका. त्यावर वाद घालता येतो. 'मला देता येत नाही' यावर घालता येत नाही.

५. लगेच पुढची वाट दाखवा: पाणी, जेवण, खोली, पबची गाडी असेल तर ती. 'उद्या ये' हे नक्की म्हणा.

६. बाजूला व्हा. त्याचं उत्तर ऐकत तिथे उभं राहू नका.

आपल्या लोकांच्या दोन सवयी इथे घात करतात. पहिली, नकार देताना ओशाळून हसणं. तिथे त्याचा अर्थ 'आणखी मागितलं तर देईल' असा होतो. दुसरी, मान दोन्हीकडे डोलावणं. ती त्यांना होकार वाटू शकते. चेहरा शांत ठेवा, मान स्थिर, शब्द स्पष्ट. सहानुभूती आवाजात असू द्या.

तो म्हणेल, 'एकच शेवटचा.' तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा. नवी कारणं जोडत गेलात की प्रत्येक कारणावर नवा वाद होतो. रंगावरून किंवा देशावरून काही बोलला तर उत्तर देऊ नका, पब्लिकनला खूण करा. ते सहन करणं तुमच्या कामाचा भाग नाही, पण त्या क्षणी ते निस्तरणं पब्लिकनचं काम आहे.

मित्र त्याच्यासाठी घ्यायला येईल. त्याला सांगा: 'त्याच्या हातात दिलीस तर तुलाही थांबवावं लागेल.' मित्रामार्फत नशेतल्या माणसाला पोचवणंही कायद्यात बसत नाही. बऱ्याचदा हाच मित्र मग त्याला घेऊन जातो.

आदिवासी गिऱ्हाइकाला नेमकं हेच माप, हाच क्रम, हीच भाषा. काही पबमध्ये नवखे जुन्या माणसांचं बघून त्यांना लवकर थांबवतात आणि गोऱ्या गिऱ्हाइकाला उशिरा. हा भेदभाव आहे आणि बेकायदा आहे. तुमचा कागद इथे उपयोगी पडतो, कारण त्यावर फेऱ्या असतात, चेहरे नसतात.

> सावध: बंदीची धमकी तुम्ही देऊ नका. एकाच पबच्या गावात बंदी म्हणजे माणसाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटणं. तो निर्णय पब्लिकनचा, आणि तो दुसऱ्या दिवशी, शुद्धीत असलेल्या माणसाला सांगायचा.

## पायरी ८: तरीही पेटलंच तर

आधीच्या खुणा: कोणीतरी टोपी काढून काउंटरवर ठेवतो, स्टूल मागे सरकतो, शेजारची टेबलं गप्प होतात. याच वेळी त्यांच्या हाताजवळचे ग्लास आणि बाटल्या उचला, जणू टेबल आवरताय.

ठोसा पडला की काउंटरच्या मागेच राहा. सगळ्यांची सेवा थांबवा, संगीत बंद, दिवे पूर्ण. पब्लिकनला हाक. मध्ये पडू नका. लोकांना बाहेर काढण्याच्या कामाला सुरक्षारक्षकाचा परवाना लागतो, तो तुमच्याकडे नाही. हत्यार, रक्त किंवा खाली पडलेला माणूस दिसला तर लगेच ०००. गावाचं नाव, पबचं नाव, रस्ता, या क्रमाने सांगा. गावात पोलीस मोजके असतात आणि ते ऐंशी किलोमीटरवर एखाद्या अपघातावर गेलेले असू शकतात, म्हणून फोन करायला उशीर नको.

ठोसा खाऊन फरशीवर डोकं आपटलेला माणूस उठून 'ठीक आहे' म्हणाला तरी त्याला एकट्याने झोपायला जाऊ देऊ नका. दवाखान्यात दाखवा.

सगळं शांत झाल्यावर, त्याच रात्री, नोंदवहीत लिहा: वेळ, कोण, काय बोललं, तुम्ही कोणाला किती दिली होती, केव्हा थांबवली. कागदावरच्या रेघा इथे पुरावा होतात. सकाळपर्यंत थांबलात तर वेळा चुकतात.

## पायरी ९: गाडीची किल्ली आणि बाटली

गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के. शिकाऊ आणि नव्या लायसन्सवाल्याला शून्य, आणि रोड ट्रेनसारखी जड गाडी चालवणाऱ्यालाही शून्य. ड्रायव्हर 'सकाळी निघायचंय' म्हणाला तर हिशेब करून सांगा: रात्री अकराला दहा स्टँडर्ड ड्रिंक अंगात असतील तर सकाळी सहाला तो मोकळा झालेला नसतो. रात्रीचे रस्ते बिनकुंपणाचे, गुरं आणि कांगारू डांबरावर येतात. मागच्या अंगणात स्वॅग, म्हणजे गुंडाळीचं अंथरूण, टाकायला परवानगी आहे का हे पब्लिकनला आधीच विचारून ठेवा. रात्री हा पर्याय हातात असला की किल्ली मागणं सोपं जातं.

नेण्यासाठी दारू विकतानाही नशेचा नियम तोच. क्वीन्सलँडच्या उत्तरेच्या, कार्पेंटारियाच्या आखाताकडच्या डूमाजी, मॉर्निंग्टन बेट अशा वस्त्यांत मद्यावर निर्बंध आहेत आणि तिकडे नेणं गुन्हा ठरू शकतं. नेहमीपेक्षा खूप जास्त खोकी मागणाऱ्याला कुठे नेणार हे विचारा आणि शंका असेल तर पब्लिकनकडे पाठवा. नॉर्दर्न टेरिटरीत किंवा वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्लीत काम घेतलंत तर नेणाऱ्याचं ओळखपत्र बंदी असलेल्यांच्या यादीशी स्कॅन करून जुळवावं लागतं.

कोणाचंही बँक कार्ड आणि पिन 'हिशेब लिहून ठेव' म्हणून घेऊ नका. गिऱ्हाईक भरवशाने देतो तरीही.

## पायरी १०: बंद करणं

बाराला बंद असेल तर साडेअकराला शेवटच्या ऑर्डरची घोषणा करा, एकदाच, आणि एकाला एकच पेय. 'शेवटची' म्हणून चार ग्लास रांगेत लावणाऱ्याला नाही म्हणा. पावणेबाराला दिवे थोडे वाढवा. लोक बाहेर पडताना दोन टोळ्या एकाच दारातून एकाच वेळी निघणार नाहीत हे बघा: एका गटाचं बिल मुद्दाम थोडं उशिरा करा.

मग क्रम: संडास तपासा (कोणी आत झोपलेलं असतं), बाहेरची बाकं तपासा, पुढचं दार आतून बंद, आणि त्यानंतरच गल्ला उघडून मोजा. दार उघडं असताना पैसे मोजणं ही नेहमीची आणि महाग चूक आहे. नळांची तोंडं काढून भिजत घाला, गळतीचे ट्रे धुवा, बर्फ काढा, मॅट बाहेर टाका. कूलरूमचं तापमान पुन्हा लिहा.

पाळीत गिऱ्हाइकाने पाजलेली दारू घेऊ नका. 'नंतर घेईन' म्हणून पैसे बाजूला ठेवायची रीत असेल तर ती पब्लिकनला विचारून. पीत नसाल तर सरळ सांगा आणि सोडा-लाइम घ्या. लेमन-लाइम-बिटर्समध्ये बिटर्सचं थोडं अल्कोहोल असतं, तेवढं लक्षात ठेवा.

खोलीकडे एकट्याने चालत जायचं असेल तर आधी मागच्या अंगणातला दिवा लावा, किल्ली हातात ठेवा आणि सोबतच्याला सांगून निघा. पेस्लिप आली असेल तर झोपण्यापूर्वी तिचा फोटो काढून स्वतःला मेल करा. ८८ दिवसांचा हिशेब त्या चिठ्ठ्यांवरच होतो.